सूर्यास्ताच्या आधी घोड्यांना पाणी

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ व १७



सदाशिव पेठेत परीक्षा जवळ आली की कॅलेंडर बघावं लागत नाही. अभ्यासिकांच्या दारात चपलांचा ढीग वाढतो आणि पोरांचे डोळे खोल जातात. आमच्या बिल्डिंगमध्ये कॉट बेसिसवर राहणारा एक मुलगा त्यातलाच. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, दोन विषय मागे राहिलेले.

गेल्या रविवारी संध्याकाळी तो जिन्यात भेटला. भिंतीला टेकून उभा होता. विचारलं, "जेवलास का रे?"

"नाही दादा, आज एकादशी."

त्या दिवशी सप्तमी होती. त्याची मेस रविवारी संध्याकाळी बंद असते. बाहेर जेवायला पैसे नकोत जायला, म्हणून त्याने उपाशी राहण्याला देवाचं नाव दिलं होतं. झोप जेमतेम चार तास. मला राग आला, पण स्वतःचाच. कारण महिन्यापूर्वी मीच त्याला ऐटीत सांगितलं होतं, "आम्ही रात्र-रात्र जागून डिग्री काढली. विद्यार्थ्याचं हेच तप!"

आजचे दोन श्लोक वाचताना तेच आठवलं. सहावा अध्याय ध्यानाचा. आसन कसं असावं, मन एकाग्र कसं करावं हे सांगून झाल्यावर भगवंत एकदम जेवणा-झोपेवर येतात. अति खाणाऱ्याला योग साधत नाही हे आपल्याला पटतं. पण मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, आणि अति जागणाऱ्यालाही नाही, हे आपण सोयीने विसरतो. पुढच्या श्लोकातला महत्त्वाचा शब्द आहे 'युक्त'. आहार, विहार, काम, झोप आणि जाग, सगळं मापात. म्हणजे झोप हे अभ्यास झाल्यावर मिळणारं बक्षीस नाही. ती साधनेतच धरलेली आहे.

"पण दादा, वेळ कुठंय?" असं तो म्हणालाच. मग त्याला द्रोणपर्वातला प्रसंग सांगितला. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन, ही अर्जुनाची प्रतिज्ञा. याहून कडक डेडलाइन कुठली? तरी त्याच दिवशी, भर रणात, रथ थांबला. अर्जुनाने बाण मारून जमिनीतून पाणी काढलं. श्रीकृष्णांनी घोडे सोडले, त्यांच्या अंगात रुतलेले बाण काढले, त्यांना पाणी पाजलं, विसावा दिला आणि मग पुन्हा जुंपलं. प्रतिज्ञा पूर्ण झाली ती त्याच घोड्यांवर. आपलं शरीर म्हणजे ते घोडे. त्यांच्याकडे बघणं हा लढाईतून पळ नव्हे.

आणखी एक. शरीराचा थकवा झोपेने भरून येतो. पण झोपच लागत नाही, सारखं रडू येतं, सगळं नकोसं वाटतं, असं असेल तर गप्प बसू नका. अर्जुनाने पहिल्याच अध्यायात अंग कापतंय, तोंड कोरडं पडलंय हे बोलून दाखवलं. तो बोलला म्हणून गीता आपल्याला मिळाली. तुम्हीही घरी बोला, मित्राशी बोला. सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि माझ्यासारख्या नोकरी लागलेल्यांनो, उपदेश कमी करू या. जुन्या पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, एकेका वारी एकेका घरी. आता त्याचा रविवार आमच्याकडे लागलाय. भाजी निवडून देईन, या अटीवरच तो तयार झाला!

आजचा संकल्प : जेवण टाळायचं नाही, रात्री पुस्तक वेळेवर मिटायचं. आणि शेजारच्या एका विद्यार्थ्याला विचारायचं, "जेवलास का?" उत्तर 'एकादशी' आलं, तर तिथी तपासायची.

श्रीकृष्णार्पणमस्तु.