शेवटच्या क्षणावरून माणूस मोजावा का?

कावेरीकाठचे कुंभकोणम हे मंदिरांचे नगर. दर बारा वर्षांनी येथील महामहम तलावावर लाखो भाविक स्नानासाठी येतात. याच नगरात १८९९ पासून कॅथलिक धर्मप्रांताचे पीठ आहे. आणि येथेच, सारंगपाणी मंदिराजवळच्या एका लहानशा घरात, श्रीनिवास रामानुजन लहानाचे मोठे झाले.

रामानुजनांची प्रतिभा आपण सर्वजण जाणतो. पण गणिताखेरीज इतर विषयांत मागे पडल्यामुळे कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयातील त्यांची शिष्यवृत्ती गेली आणि १९०५ मध्ये ते कोणालाही न सांगता घर सोडून निघून गेले, हे फारसे सांगितले जात नाही. पुढे १९१८ मध्ये इंग्लंडमध्ये, आजारपण आणि एकटेपणा असह्य होऊन, त्यांनी स्वतःचे जीवन संपवण्याचा प्रयत्न केला. ते वाचले. त्या काळी इंग्लंडमध्ये असा प्रयत्न हा गुन्हा होता. प्रा. हार्डी धावून आले आणि पोलिसांनी रामानुजनांना सोडून दिले. हार्डी ईश्वर मानत नव्हते. पण संकटातल्या मित्राला त्यांनी प्रश्न विचारत बसण्याऐवजी हात दिला.

वाचकहो, जे एका निरीश्वरवाद्याला सहज जमले, ते धर्मसंस्थांना का जड गेले?

ख्रिस्ती धर्मात जीवन ही देवाची देणगी आहे. ‘खून करू नको’ ही आज्ञा स्वतःलाही लागू आहे, असे संत ऑगस्टीन यांनी मांडले. आत्महत्या ही निसर्गाविरुद्ध, समाजाविरुद्ध आणि देवाविरुद्ध आहे, असे थॉमस अक्वायनस म्हणाले. विचार उदात्त होता. पण व्यवहारात त्याची शिक्षा झाली. मृताला पवित्र भूमीत जागा नाही, अंत्यप्रार्थना नाही. १९१७ च्या कॅथलिक धर्मविधानातही जाणूनबुजून जीव देणाऱ्याला धर्मविधीने दफन नाकारले होते. शिक्षा मृताला झाली की त्याच्या आईला, याचा विचार आपणच करावा.

१९८३ च्या नव्या विधानात हा निर्बंध राहिला नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने तर स्पष्टच सांगितले, की तीव्र मानसिक क्लेश, भय किंवा यातना यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते. अशा व्यक्तीच्या तारणाची आशा सोडू नये आणि चर्चने तिच्यासाठी प्रार्थना करावी.

यावर कोणी विचारील, ‘अशाने आत्महत्येला मोकळीक मिळत नाही का?’ प्रश्न योग्य आहे. पण कृती चुकीची म्हणणे वेगळे आणि ती करणाऱ्याला धिक्कारणे वेगळे. धिक्काराने मरणारा थांबत नाही; तो फक्त बोलायचा थांबतो. चर्चमध्ये शेजारच्या बाकावर बसलेल्या माणसालाही तो आपले दुःख सांगत नाही. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. वर्षाचा नफा-तोटा एका दिवसाच्या नोंदीवरून ठरत नाही, हे आम्हाला आरंभीच शिकवतात. मग संपूर्ण आयुष्याचा निवाडा एका अंधाऱ्या क्षणावरून कसा करावा?

उत्तर बायबलमध्येच आहे. खचलेला संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो आणि पुन्हा उठवून खाऊ घालतो. प्रवासाची गोष्ट त्यानंतर निघते.

चॅड वारा या इंग्रज धर्मगुरूंनी १९३५ मध्ये आपला पहिला अंत्यविधी केला, तो चौदा वर्षांच्या एका मुलीचा. मासिक पाळीला रोग समजून तिने जीव दिला होता. तिच्याशी कोणी दोन शब्द बोलले असते तर? ही खंत त्यांना सोडेना. १९५३ मध्ये त्यांनी लंडनच्या आपल्या चर्चमध्ये निराश लोकांसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचे मुख्य साधन एकच होते, ऐकून घेणे. चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेली ‘स्नेहा’ ही संस्थाही स्वयंसेवकांच्या अशाच ऐकण्यावर उभी आहे.

मात्र हे वाचून आपण चर्चला नावे ठेवू नयेत. ज्ञानदेवांच्या आईवडिलांना धर्मपीठाने देहान्त प्रायश्चित्त सांगितले, ही आपलीच परंपरागत कथा आहे. दार बंद करणारे कोणत्याही एका धर्माचे नसतात.

म्हणून आपल्या परिचयातील कोणी अचानक गप्प झाले, निरवानिरव करू लागले, तर त्याच्याजवळ बसा. ‘जगू नये असे वाटते का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट मनावरचे ओझे हलके होते. त्याला डॉक्टरांकडे सोबत न्या. शासनाची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. आणि ज्या घरात असा मृत्यू झाला आहे, तेथे कारणे विचारायला जाऊ नका. जेवणाचा डबा घेऊन जा, आणि तेराव्यानंतरही जात राहा.