खडूची खूण

भिवंडीत कामतघरच्या बाजूला एक चाळ होती. तिथे दिवसरात्र मागांची खडखड ऐकू येई. ती थांबली की लोक म्हणत, "लाइट गेली वाटतं." त्या चाळीत दोघीजणी शेजारी राहत होत्या. एक ३६ वर्षांची, दुसरी २४ची. नात्याच्या नव्हत्या, पण सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत.

धाकटी कारखान्यात कांड्या भरायची. थोरली कापडाच्या गोदामात तपासणीला होती. तिरप्या टेबलावरून तागा ओढायचा, उजेडात बघायचा, जिथे शंका आली तिथे लाल खडूने खूण करायची आणि पुढे सरकायचं. खुणेच्या जागा नंतर दुसरी बाई निरखून बघे. कधी तिथे खरंच धागा तुटलेला असे. पुष्कळदा नुसता सुताचा गुंता चिकटलेला निघे. तो झटकला की कापड चोख.

त्या वर्षी दोघींना एकदमच दिवस गेले. थोरलीला तर लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी. बारावा आठवडा लागला तशी डॉक्टरीणबाईंनी दोघींना सोनोग्राफी आणि रक्ताची डबल मार्कर तपासणी करायला सांगितली. दोघी एकाच रिक्षाने गेल्या. सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजली, मग दंडातून रक्त काढून घेतलं.

रिपोर्ट आले. धाकटीच्या रिपोर्टवर लिहिलं होतं, धोका कमी, २००० मध्ये १. तिच्या नवऱ्याने पेढे आणले. थोरलीच्या रिपोर्टवर लाल अक्षरात होतं, डाउन सिंड्रोमचा धोका जास्त, ८० मध्ये १.

संध्याकाळपर्यंत चाळभर झालं की थोरलीचं मूल मंदबुद्धीचं आहे. सासू म्हणाली, "या वयात कशाला हे सगळं? आणि तपासण्या तरी कुणी करायला सांगितल्या होत्या?" नवरा काहीच बोलला नाही. त्याने रिपोर्टची घडी केली आणि देव्हाऱ्याखाली सरकवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी थोरलीने तो रिपोर्ट काढला आणि ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. म्हणाली, "बाई, मला हे नीट समजावून सांगा."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. डाउन सिंड्रोमच्या मुलात २१ क्रमांकाचं गुणसूत्र दोनाच्या जागी तीन असतं, म्हणून ४७. यात कुणाचा दोष नसतो. आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते एवढंच. पंचविशीत साधारण १२५० मध्ये १, पस्तिशीत ३५० मध्ये १, चाळिशीत १०० मध्ये १. तुमचा आकडा ८० मध्ये १ आहे. असा रिपोर्ट आलेल्या ८० जणी रांगेत उभ्या केल्या, तर ७९ जणींच्या बाळाला डाउन सिंड्रोम नसतो."

थोरली थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे ही खडूची खूण झाली. तागा फाटला असं नाही. इथे नीट बघा, एवढंच."

"अगदी तसंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नीट बघायचं तर सोळाव्या आठवड्यात पोटातून बारीक सुई घालून गर्भजल काढतात. त्यात बाळाची गुणसूत्रंच मोजतात. गर्भपाताचा थोडा धोका असतो, शंभरात एकापेक्षा कमी. करायची की नाही, ते तुम्ही ठरवा. पण वेळ घालवू नका. २०१७ साली महाराष्ट्रातल्याच एका बाईच्या गर्भाला डाउन सिंड्रोम असल्याचं उशिरा कळलं. तिला २६ आठवडे झाले होते आणि कायद्याची मर्यादा तेव्हा २० आठवड्यांची होती. सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताला परवानगी दिली नाही. २०२१ मध्ये कायदा बदलला. आता अशा कारणासाठी दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे, त्यापुढे राज्याचं वैद्यकीय मंडळ ठरवतं. मूल ठेवायचं असलं तरी लवकर कळलेलं बरं. तयारीला वेळ मिळतो."

थोरलीने तपासणी करायचं ठरवलं. मुंबईच्या रुग्णालयात तिच्यापुढे मराठीतला फॉर्म आला. बाईला समजेल त्याच भाषेत तो असावा, असा कायदाच आहे. भिंतीवर पाटी होती, इथे गर्भलिंग निदान केले जात नाही. तिने फॉर्म दोनदा वाचला आणि सही केली.

पक्का रिपोर्ट यायला तीन आठवडे लागणार होते. ते दिवस तिला जाता जाईनात. मग तिने समुपदेशक बाईंना विचारलं, "असं मूल वाढवणारी एखादी आई भेटेल का?" त्यांनी एकीची गाठ घालून दिली. तिच्याबरोबर तिचा सात वर्षांचा मुलगा होता. त्याने थोरलीच्या हातातल्या बांगड्या एकेक करून मोजल्या, मध्येच चुकला, हसला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला. थोरली हात पुढे धरून बसून राहिली.

त्या आईने जे सांगितलं ते थोरलीने गोदामातल्या ताग्यांच्या हिशोबाच्या वहीत, मागच्या पानांवर उतरवून घेतलं. जन्मल्याबरोबर हृदयाची इको करायची, कारण यातल्या निम्म्या मुलांच्या हृदयात काही ना काही निघतं. थायरॉइड वेळोवेळी तपासायचा. अंग सैल असतं म्हणून व्यायाम पहिल्या महिन्यांपासून सुरू करायचे. दूध ओढायला वेळ लागतो, तेव्हा हनुवटीला बोटाचा आधार द्यायचा. चालणं, बोलणं उशिरा येतं, पण येतं.

रिपोर्ट आला. गुणसूत्रं ४६. सासूने देवापुढे नारळ फोडला. थोरलीने वही फळीवर ठेवून दिली.

नऊ महिने भरले. थोरलीला मुलगी झाली, ठणठणीत. आठ दिवसांनी धाकटीला मुलगा झाला. बाळ अंगाने सैल होतं, डोळे किंचित वर ओढलेले. डॉक्टरांनी त्याचं रक्त तपासायला पाठवलं. गुणसूत्रं ४७ निघाली.

धाकटीचा नवरा रिपोर्ट घेऊन भांडायला उठला. "यावर धोका कमी लिहिलंय ना!"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कमी लिहिलंय, नाही असं लिहिलेलं नाही. ही तपासणी अशा शंभरातली ८५ ते ९० बाळं हेरते, बाकीची निसटतात. आणि तरुण बायकांची बाळंतपणंच जास्त असतात, म्हणून अशी बरीच मुलं तरुण आयांच्याच पोटी येतात."

पण चाळीत कोण ऐकतो? कुणी म्हणालं, ग्रहणात हिने विळी हातात घेतली होती. कुणी म्हणालं, मागच्या जन्मीचं असेल. बारशाचं नाव कुणी काढेना. धाकटी भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली.

एक दिवस थोरली आपली पोर कडेवर घेऊन तिच्या खोलीत गेली. काखेत ती वही होती. सांत्वनाचं काही बोलली नाही. बाळाला आईच्या पदराखाली दिलं, त्याच्या हनुवटीला बोट लावलं आणि म्हणाली, "असं धर. बघ, ओढतोय. आता सांग, इको झाली का?"

इको झाली नव्हती. त्यानंतर चौथ्या दिवशी झाली. हृदयाला छोटं छिद्र होतं. डॉक्टर म्हणाले, लवकर कळलं ते बरं झालं, लक्ष ठेवू. अशा मुलांसाठी जिल्ह्याला सरकारी केंद्र असतं, तिथे व्यायाम शिकवतात, हेही वहीत होतं. धाकटीचा नवरा रात्रपाळी करून सकाळी बाळाला तिकडे न्यायला लागला. दोन वर्षांचा झाल्यावर पोरगा चाळीच्या कठड्याला धरून चालला. तेव्हा ग्रहणाची गोष्ट करणाऱ्या म्हातारीनेच त्याची दृष्ट काढली.

धाकटीने एकदा विचारलं, "ताई, तुमचा रिपोर्ट चांगला आला होता. मग ती पानं फाडून का नाही टाकली?"

थोरली म्हणाली, "लिहिलं तेव्हा ते माझ्याच बाळाचं होतं गं. रिपोर्ट आला म्हणून खोटं थोडंच झालं?"

गोष्ट इथे संपते. लाल अक्षर पाहून एका घराने हाय खाल्ली, कमी आकडा पाहून दुसऱ्या घराने पेढे वाटले. दोन्ही घरांनी आकड्यालाच निकाल समजण्याची घाई केली. डबल मार्करसारखी चाळणी तपासणी कुठे नीट बघायचं ते दाखवते. पुढचं बघणं, विचारणं आणि ठरवणं आईचं असतं, आणि त्यासाठी तिला वेळ आणि खरी माहिती हवी असते. म्हणून अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान तपासणी करून घ्या आणि रिपोर्ट हातात पडला की डॉक्टरांना समजेपर्यंत विचारा. आकडा आपल्याला हवा तसा आला, तरी शिकलेलं टाकून देऊ नका. शेजारच्या घरी त्याची गरज पडू शकते.