तिकिटात न मावणारं कुटुंब

२०२५च्या २४ जूनला सकाळी आठला पाच कमी असताना घाटकोपरच्या भटवाडीतल्या आमच्या घरात बारा जणांचं भवितव्य ठरायचं होतं. कोकणात गावी नेणाऱ्या २३ ऑगस्टच्या तुतारी एक्स्प्रेसचं आरक्षण आठच्या ठोक्याला उघडणार होतं. त्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला. टेबलावर दोन मोबाइल, एक लॅपटॉप आणि वहीतून फाडलेलं एक पान. त्या पानावर दादाने बारा नावं तीन रकान्यांत मांडली होती. त्यावर इतकी खाडाखोड झाली होती, की युतीच्या जागावाटपाचा कागद याहून स्वच्छ असेल.

कारण साधं आहे. रेल्वेच्या एका तिकिटावर सहा माणसं मावतात, तत्काळला चारच. म्हणजे कुटुंब केवढं असावं हे रेल्वेने आधीच ठरवून टाकलंय. आमचं त्यात बसत नाही. आई-बाबा दोन, आम्ही चार, दादाचे चार, आणि उरले दोन सुटे मोहरे: काका आणि आत्या. सहा अधिक सहा बारा, हिशेब चोख. पण तो शाळेतला. घरातल्या हिशेबात काका आणि आत्या एका तिकिटावर येऊ शकत नव्हते. गावच्या घरामागचा फणस कुणाच्या वाट्याचा, यावरून सख्ख्या भावाबहिणीने तीन वर्षं एकमेकांशी अवाक्षर काढलेलं नव्हतं.

शिवाय आई-बाबांचं तिकीट वेगळंच काढावं लागतं. ज्येष्ठांच्या कोट्यातला खालचा बर्थ हवा, तर तिकिटावर एकटं किंवा दोघंच असावं लागतं. लेकासुनांबरोबर गेलात, तर मग वरच्या बर्थवर चढा. या कोट्यात पुरुष साठीचा लागतो, बाई पंचेचाळिशीची. हे मी मोठ्याने वाचलं आणि वहिनी पोळी लाटता लाटता म्हणाली, "सवलत होती तेव्हा बाईला अठ्ठावन्नची अट. आता सवलत गेली, वय मात्र पंचेचाळिसावरच काढतात." ती सवलत मार्च २०२०मध्ये थांबली. आई अजून दर वर्षी विचारते, "ह्या वेळी अर्धं का?" आणि दर वर्षी तिला नव्याने वाईट वाटतं.

तर वाटप असं झालं: आई-बाबा स्वतंत्र, काका दादाच्या तिकिटावर, आत्या आमच्या. दोन पाच-पाचचे गट आणि प्रत्येकात एक जागा मोकळी. ती मोकळी जागा बघून आई हळहळली, "दोन माणसं फुकट जातायत."

मला स्वतःला २०२४च्या १ नोव्हेंबरपासून जरा हायसं वाटतंय. तोवर तिकीट १२० दिवस आधी काढावं लागे, आता ६०. रेल्वेचं म्हणणं असं, की ६१ ते १२० दिवस आधी काढलेल्या तिकिटांपैकी साधारण २१ टक्के रद्द होतात, आणखी चार-पाच टक्के लोक तिकीट रद्दही करत नाहीत आणि येतही नाहीत. अधिकाऱ्यांनी याला आरक्षणाचा प्रश्न मानलं. माझ्या मते हा मराठी कुटुंबांतल्या भांडणांचा मोजून काढलेला दर आहे. गणपतीत आपण एकमेकांशी बोलत असू की नाही, हे एप्रिल-मेमध्ये कुणी सांगावं? हवामान खातंसुद्धा इतक्या लांबचं सांगताना जपून बोलतं. दोन महिन्यांचा अंदाज त्या मानाने बांधता येतो. फणसाचा मोसम तोवर बऱ्यापैकी उरकलेला असतो.

त्या सकाळी टीव्हीवर इराण-इस्रायल शस्त्रसंधीची बातमी चालू होती. बारा दिवसांचं युद्ध. काका म्हणाले, "आवाज कमी करा, आठ वाजतले." जगाची बातमी आमच्या घरात अशीच येते, आवाज कमी करून. काकांच्या पेपरात जग पनवेलला सुरू होतं आणि झारापला संपतं. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं काम २०११ साली निघालं. तेव्हा पहिलीत असलेली माझी पुतणी आता नोकरीला लागली. ‘यंदा गणपतीपूर्वी खड्डे बुजवणार’ ही बातमी काका दर वर्षी तितक्याच गांभीर्याने वाचतात आणि घडी करून ठेवतात. मी त्याला भाबडेपणा म्हणत असे. आता वाटतं, बाप्पाच्या आगमनासारखी तीही एक तिथी आहे, पाळायची असते.

कोकण रेल्वेने त्या वर्षी मोटारींसाठी रो-रो काढली. मालट्रक त्या मार्गावर १९९९पासून रेल्वेच्या पाठीवर बसून जातायत, मोटारींचा नंबर तेव्हा कुठे लागला. कोलाडला गाडी चढवायची, गोव्यात वेर्ण्याला उतरवायची, भाडं ७,८७५ रुपये. कणकवलीच्या माणसाने आपलं गाव खिडकीतून बघत गोव्याला जायचं आणि तिथून उलटं यायचं. ओरड झाल्यावर नांदगावचा थांबा मिळाला. दादाने एक दिवस हा विचार केला. पण गाडीमागे माणसं तीनच, आणि दादाचे चार. धाकट्याने स्वतःला डिकीत बसवायची तयारी दाखवली, तिथे विषय संपला.

ऑगस्टमध्ये आणखी एक बातमी आली. सरकारी कामकाजात ‘चाकरमानी’ऐवजी ‘कोकणवासीय’ म्हणावं, असं तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवारांनी सांगितलं. चॅनलवर चर्चा झडल्या. काका १९८२च्या संपातले गिरणी कामगार. त्यांनी चष्मा काढून पुसला. "चाकरी गेली ब्याऐंशीत. मान तर कधी नव्हतोच. आता काय म्हणतत ता म्हणांदेत, तिकीट कन्फर्म असा ना?"

तिकीट कन्फर्म होतं. तीनही. आठ वाजून दीड मिनिटाने प्रतीक्षायादी सुरू झाली, तोवर दादाचं बोट काम करून गेलं होतं.

आता तुतारीबद्दल ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. ही गाडी दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. म्हणजे २३ तारखेचं तिकीट असलेल्या माणसाने २२ तारखेला जेवून निघायचं. या पाच मिनिटांनी कोकणातल्या किती संसारांत खडे टाकलेत, त्याची मोजदाद कुठल्या खात्याने ठेवलेली नाही. आम्ही ठाण्याहून चढणार होतो. शुक्रवारी २२ला रात्री पावणेदहाला पिशव्या दाराशी, मुलं दारात, बाबा गॅसचा नॉब तिसऱ्यांदा बघून आलेले. आणि अंधेरीहून आत्याचा फोन. "उद्या रात्री किती वाजता येऊ रे तुमच्याकडे?"

पूर्वीचं घाटकोपर असतं, तर आत्याचा गणपती अंधेरीतच झाला असता. ३४० नंबरची बस, असल्फ्याचा रस्ता, साकीनाक्याला अर्धा तास ठप्प. अंधेरी आणि घाटकोपर यांच्यात तेव्हा पुरेसं अंतर होतं, आणि कित्येक नाती त्या अंतरावर टिकून होती. ‘लांब पडतं हो’ म्हटलं, की बारशापासून बाराव्यापर्यंत सगळं माफ. ८ जून २०१४ला मेट्रो सुरू झाली, वर्सोवा ते घाटकोपर ११.४ किलोमीटर, आणि ही सबब एका दिवसात बाद झाली. आत्या त्याबद्दल मेट्रोला आजवर बोल लावत होती. त्या रात्री मात्र ती धावत तिच्यातच चढली.

मेट्रोच्या पुलावर तिला आणायला कुणी जायचं? मी मुलांच्यात अडकलेलो, दादा रिक्षा शोधायला गेलेला. काका काही न बोलता चपला घालून निघाले. मी मागून धावलो, म्हटलं तिथे काही झालं तर मधे कुणी तरी हवं.

सरकत्या जिन्यावरून आत्या खाली आली. अंगावर घरातली साडी, केस विस्कटलेले, एका हातात मोदकपात्र आणि दुसऱ्या हातात फक्त औषधांची पिशवी. कपड्यांची बॅग अंधेरीलाच राहिली होती. काकांनी पुढे होऊन मोदकपात्र तिच्या हातातून काढून घेतलं.

"तिकिटावरची तारीख बघूक नाय?"

"बघितलंय," आत्या म्हणाली. "वेळ नाय बघूक."

तीन वर्षांत एवढंच बोलणं. मग दोघं ‘फलाट एक की तीन’ यावर भांडत पुलावरून चालू लागले, मी मागून औषधांची पिशवी घेऊन.