तर्क हा ऋषी

यास्काच्या निरुक्ताला जोडलेल्या परिशिष्टात एक लहानशी आख्यायिका आहे. ऋषी एकामागून एक या लोकातून निघून जाऊ लागले तेव्हा भांबावलेल्या माणसांनी देवांना विचारले की, आता आमचा ऋषी कोण. आणि देवांनी त्यांना तर्क दिला. ज्या परंपरेत ऋषी म्हणजे मंत्राचा द्रष्टा, तिनेच तर्काला त्या आसनावर बसवावे ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कारण धर्मनिष्ठ मनुष्याने तर्कापासून चार हात दूर राहावे, तर्काने श्रद्धेला कीड लागते, ही समजूत आपल्याकडे इतकी खोल रुजली आहे की, तर्कशास्त्र म्हटले म्हणजे एक तर कला शाखेच्या विद्यार्थ्याने गुणांसाठी घेतलेला विषय, नाही तर काशी-नवद्वीपच्या पंडितांचा वादविलास, एवढेच काय ते डोळ्यांपुढे उभे राहते.

या शास्त्राचा व्यवहारात उपयोग काय, हे बल्लारपुरासारख्या गावात बसून जितके स्पष्ट कळते तितके ग्रंथालयात कळत नाही. वर्धेच्या काठचे हे गाव, मागे गोंड राजांचा किल्ला, भोवती कोळशाच्या खाणी, सागवानाचा लाकूड डेपो, कागदाचा कारखाना आणि त्यापलीकडे थेट गडचिरोलीपर्यंत पसरलेले जंगल. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तेथे अग्नी आहे, हे नैयायिकांचे सर्वांत प्रसिद्ध अनुमान. पाठशाळेत ते पाठांतराचा विषय असते, येथे ते वनरक्षकाचे रोजचे काम आहे. मार्च-एप्रिलात मोहाची फुले गळू लागली की ती वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवला जातो, आणि वाऱ्याने ती आग हा हा म्हणता रानभर होते. अशा वेळी दूरच्या टेकडीवर धुराची रेघ पाहून जो मनुष्य धावत सुटतो, तो न कळत न्यायसूत्रकार गौतमाची पाचही अवयववाक्ये मनात उच्चारीत असतो : टेकडीवर आग आहे, ही प्रतिज्ञा, कारण धूर आहे, हा हेतू, जेथे धूर तेथे आग, जसे चुलीत, हे उदाहरण, ही टेकडीही तशाच धुराची आहे, हा उपनय, म्हणून तेथे आग आहे, हे निगमन.

पण खरे शास्त्र येथे संपत नाही, येथे सुरू होते. कारखान्याच्या बाजूने पांढरा लोट उठतो तो दर वेळी धूर असतोच असे नाही. पुष्कळदा ती नुसती वाफ असते. पौषातल्या पहाटे नदीवर जे पसरलेले दिसते ते धुके असते, आणि खाणीच्या रस्त्यावर ट्रकांमागे जे उठते ती कोळशाची धूळ असते. न्यायप्रवेश या बौद्ध तर्कग्रंथात नेमका हाच प्रसंग घेतला आहे : समोर दिसणारे बाष्प आहे की धूम, याचाच जेथे निश्चय नाही, तेथे त्याच्या आधारे अग्नी सिद्ध करू पाहणे हा संदिग्धासिद्ध नावाचा हेत्वाभास, म्हणजे फसवा हेतू, होय. म्हणजे पहिली शहानिशा अनुमानाची नव्हे, आपण पाहिले म्हणतो त्याचीच. दुसरी शहानिशा याहून सूक्ष्म आहे. जेथे धूर तेथे आग हे खरे. पण म्हणून जेथे आग तेथे धूर, हे खरे नव्हे. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. चांगल्या पेटलेल्या दगडी कोळशाच्या निखाऱ्याचेही तेच. आगीतून धूर निघण्यासाठी आणखी एक गोष्ट लागते, आणि ती म्हणजे ओल्या सरपणाचा संयोग. नैयायिक तिला उपाधी म्हणतात. दोन गोष्टी सोबत दिसल्या की त्यांचे नाते आपण गृहीत धरतो. ते नाते त्यांचे स्वतःचे आहे की मागे लपलेल्या तिसऱ्याच कशामुळे भासते आहे, हे विचारण्याची सवय म्हणजे उपाधीचा शोध. मला विचाराल तर या साऱ्या शास्त्रातील सर्वांत मोठे दान हेच आहे.

ते दान किती मोठे, हे ज्याला पाहायचे असेल त्याने भानामतीच्या, म्हणजे करणीच्या, प्रकरणांकडे पाहावे. ऑगस्ट 2021 मध्ये याच चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातील एका गावात, भानामतीच्या संशयावरून काही माणसांना, त्यांत वृद्ध स्त्रियाही होत्या, भर गावात बांधून मारहाण करण्यात आली. त्या वेळी महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा होऊन सुमारे आठ वर्षे लोटली होती. 2013 च्या ऑगस्टात पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. कायदा हवाच होता. परंतु तो फिर्याद दाखल झाल्यावर जागा होतो, आणि मारणारा हात उचलला जातो तो त्याच्या फार आधी, एका अनुमानाच्या जोरावर. असे अनुमान कसे बांधले जाते ते कोणत्याही गावी जवळून पाहावे. ही बाई करणी करते, ही प्रतिज्ञा. ती दारात येऊन गेली आणि तिसऱ्या दिवशी लेकरू तापाने फणफणले, हा हेतू. अमक्याच्याही घरी असेच झाले, तमक्याच्याही, हे उदाहरण. तर्कशास्त्र ज्याने मनापासून शिकले आहे तो येथे आवाज न चढवता तीन गोष्टी विचारील. ती ज्या घरी गेली आणि जेथे कोणी आजारी पडले नाही, अशी घरे किती? ती जेथे कधीच गेली नाही आणि तरी ताप आला, अशी किती? आणि आजारी घरांत या बाईच्या येण्याव्यतिरिक्त आणखी काय समान आहे? श्रावणात या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा एखाद्या विहिरीत सापडते, जिच्यात पहिल्या पुराचे पाणी शिरलेले असते, किंवा घरामागे साचलेल्या डबक्यातील डासांत सापडते. अन्वय (एक असता दुसरे असणे) आणि व्यतिरेक (एक नसता दुसरे नसणे) हे शब्द गावात कोणाला ठाऊक नसले तरी चालेल. पण ते प्रश्न विचारणारा एक मनुष्य प्रत्येक गावात असणे, ही मी दयेची गोष्ट समजतो, बुद्धीची नंतर. जो अहिंसेला धर्म मानतो त्याने दुसऱ्यावर दोष ठेवण्यापूर्वी आपला हेतू तपासावा, यात श्रद्धेला बाध कोठे येतो?

यावर वेदान्ताकडूनच एक आक्षेप येतो, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. तर्काला प्रतिष्ठा नाही, असे ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे; एका बुद्धिमंताने सिद्ध केलेले दुसरा अधिक बुद्धिमंत खोडून टाकतो, असा त्याचा अर्थ लावतात. परंतु त्या सूत्रावरील भाष्यात शंकराचार्यांनी पूर्वपक्षाच्या, म्हणजे आक्षेपकाच्या, तोंडी जे उत्तर घातले आहे ते मननीय आहे : तर्क अप्रतिष्ठित आहे हेही तर्कानेच ठरवावे लागते, आणि सारेच तर्क अप्रतिष्ठित मानले तर मागच्या अनुभवावरून पुढची वाट चालणारा सगळा लोकव्यवहारच बुडेल. आचार्यांचा अंतिम निर्णय ब्रह्माविषयी आहे. जगाच्या आदिकारणाविषयी श्रुतीला सोडून निव्वळ तर्काला ते मोकळे सोडीत नाहीत. पण ताप कशाने आला आणि आग कोठे लागली, हा प्रांत त्यांनी तर्काकडून काढून घेतलेला नाही. दुसऱ्या बाजूने, बुद्धांनी कालाम लोकांना जो उपदेश केला त्यातही ऐकीव गोष्ट, परंपरा आणि ग्रंथ यांच्या जोडीला केवळ तर्कावरही विसंबू नका असे सांगितले आहे; जे आचरल्याने अहित होते ते स्वतः जाणून सोडून द्या, हे त्यांचे सांगणे. 16 ऑक्टोबर 1956 रोजी चंद्रपुरात बाबासाहेबांच्या हस्ते ज्यांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांच्या घरांत हा उपदेश आजही वाचला जातो. तेव्हा तर्काची मर्यादा दोन्ही परंपरांना मान्य आहे. मर्यादा असणे म्हणजे अधिकार नसणे नव्हे.

श्रद्धेशी तर्काचे वैर नाही, हे दाखवायला बल्लारपूरचीच कथा पुरे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावरचे व्रण झरपट नदीच्या काठच्या कुंडातील पाण्याने बरे झाले, तेथे अचलेश्वराचे मंदिर उभे राहिले आणि राजधानी बल्लारपुराहून चंद्रपुरास गेली, असे सांगतात. या कथेवर ज्याचे मन जडले आहे त्याला तर्काने हटकण्याचे कारण नाही. त्या मंदिरात हात जोडणे ही अनुमानाची कृती नव्हेच. पण त्याच कथेला हेतू करून कोणी अंगावर चट्टे उठलेल्या मुलाला दवाखान्यात नेण्याचे टाळू लागला, तर त्या क्षणी कथा साक्षीदार म्हणून उभी राहिली, आणि साक्षीदाराची उलटतपासणी झालीच पाहिजे.

साक्षीदारावरून आठवले. न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने आप्त कोण, म्हणजे कोणाचा शब्द प्रमाण मानावा, याचे लक्षण दिले आहे : ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि पुढे त्याने जोडले आहे की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते. इतक्या जुन्या काळी लिहिलेले हे वाक्य मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला त्याचे नवल वाटते. बल्लारपुरात मराठीच्या जोडीला तेलुगू, हिंदी आणि गोंडी कानांवर पडते. वाघाचा माग कोणत्या दिशेने गेला हे सांगणारा गोंड म्हातारा आणि खाणीच्या छताचा आवाज ओळखणारा तेलुगू कामगार हे आपापल्या विषयात आप्त आहेत, आणि त्या विषयात मोठ्या हुद्द्याचा पण कधी रानात न उतरलेला अधिकारी आप्त नाही. कोणाचे ऐकावे हे जातीवरून, पदावरून वा भाषेच्या सफाईवरून न ठरवता त्याच्या जाणण्यावरून व खरेपणावरून ठरवणे, हाही तर्कशास्त्राचाच धडा आहे, आणि तो शिकवायला कोणतेही यंत्र लागत नाही.

ज्ञानेश्वरीच्या आरंभीच्या गणेशरूपकात तर्क हा परशू झाला आहे. लाकूडतोडीच्या मुलखात परशूची किंमत सांगावी लागत नाही, पण तो धरायचा कसा हे शिकावे लागते. आपल्या शिक्षणात ते शिकवले जाते फार उशिरा, अकरावीत, आणि फार थोड्यांना. विज्ञान शाखेचा वा तंत्रनिकेतनाचा विद्यार्थी त्याच्या वाटेलाच जात नाही. आणि जे विद्यार्थी हा विषय घेतात त्यांनाही सॉक्रेटिस मर्त्य आहे हे पन्नासदा सिद्ध करावे लागते, गावच्या तापाचे कारण एकदाही नाही. दि. य. देशपांडे यांनी मराठीत सांकेतिक तर्कशास्त्र लिहिले, आणि 1990 मध्ये नागपुरातून ‘आजचा सुधारक’ हे मासिक सुरू करून तोच विवेक सामान्य वाचकाच्या दारी नेला. ही दोन कामे एकाच माणसाने करावीत यात मला संगती दिसते. मला वाटते, आठवी-नववीच्या वर्गापुढे एक साधा पंचनामा ठेवावा : आग लागलेल्या गंजीचा, मेलेल्या गुराचा, कशाचाही. त्यातील प्रत्येक वाक्यापुढे मुलांनी लिहावे की, हे पंचांनी पाहिले, हे ऐकले की हे अनुमानले; आणि जेथे अनुमानले असेल तेथे उपाधी शोधावी. पंचनामा तयार करणाऱ्या कारकुनाला, साक्ष नोंदवणाऱ्या जमादाराला, जबानी देणाऱ्या शेतकऱ्याला आणि निकाल देणाऱ्या न्यायाधीशाला, सगळ्यांनाच हा भेद रोज करावा लागतो. मग तो शाळेत शिकवण्यासाठी अकरावीची वाट कशाला पाहायची?