पुरेसे म्हणजे किती?

साधेपणा हा सद्गुण आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु कमी वस्तू, कमी सोयी आणि कमी खर्च एवढाच साधेपणाचा अर्थ आहे काय? की ज्याला जेवढे आवश्यक आहे तेवढे असणे आणि त्यापलीकडचा भार नसणे, हा त्याचा खरा अर्थ? अन्न, वस्त्र आणि संपत्ती यांच्या संदर्भात या प्रश्नाची चर्चा पुष्कळ झाली आहे. येथे तो एका किरकोळ वाटणाऱ्या निवडीच्या संदर्भात तपासून पाहावयाचा आहे. संगणकावर गाणी ऐकण्यासाठी मोजकेच काम करणारा हलका प्लेअर घ्यावा, की नाना सोयींनी भरलेला भारी प्लेअर घ्यावा?

संगणकावर गाणी ऐकण्याची प्रथा रूढ झाली ती ‘एमपी-थ्री’ या पद्धतीमुळे. सीडीवर सुमारे ५० मेगाबाइट जागा व्यापणारे पाच मिनिटांचे गाणे या पद्धतीने सुमारे ५ मेगाबाइटमध्ये मावू लागले. १९९७ साली जस्टिन फ्रँकेल आणि दिमित्री बोल्डिरेव्ह यांनी ‘विनअँप’ हा प्लेअर लोकांपुढे आणला. त्या काळी घरगुती संगणकाची स्मृती बहुधा १६ किंवा ३२ मेगाबाइट असे. त्यात गाणे वाजत असताना पत्रही लिहिता यावे, अशी वापरणाऱ्याची अपेक्षा. विनअँप आकाराने लहान होता, चटकन उघडत होता आणि नेमून दिलेले काम करून बाजूला राहत होता. तो लोकप्रिय झाला यात नवल नाही.

पुढे २००२ साली त्याची तिसरी आवृत्ती आली. ती नव्याने रचलेली होती आणि तिच्यात शक्यता अधिक होत्या. पण ती जडही होती. पुष्कळांनी ती बाजूला सारून जुनी दुसरी आवृत्तीच चालू ठेवली. अखेर २००३ च्या डिसेंबरात निर्मात्यांनी दुसरीचा पाया आणि तिसरीचे काही गुण एकत्र करून थेट पाचवी आवृत्ती काढली. दोन आणि तीन मिळून पाच, असा तिचा हिशेब!

‘आयट्यून्स’ची कथा याहून बोधप्रद आहे. २००१ साली गाणी ऐकण्याचे आणि नीट लावून ठेवण्याचे साधन म्हणून ते जन्मले. २००३ साली त्यात गाण्यांचे दुकान आले, २००५ साली चित्रफिती आल्या, २००७ पासून आयफोनचा कारभार आला आणि २००८ साली फोनवरील अ‍ॅप्सचे दुकानही त्यातच थाटले गेले. यांतील प्रत्येक भर सुटी पाहिली तर समर्थनीय होती. एकूण ओझे किती झाले, हा प्रश्न मात्र मागे पडला. २०१९ साली मॅक संगणकांवर अ‍ॅपल कंपनीनेच ते मोडून संगीत, पॉडकास्ट आणि दूरचित्रवाणी यांसाठी वेगवेगळी साधने केली. माणसाच्या आयुष्यातील पसाराही असाच वाढतो. अडगळ म्हणून कोणी काही घरी आणत नाही. प्रत्येक वस्तू येताना उपयोगाचीच असते.

मग हलके तेच चांगले, असा निर्णय देऊन मोकळे व्हावे काय? तसे करणे अन्यायाचे होईल. एखाद्या रसिकापाशी ख्याल गायनाची शेकडो ध्वनिमुद्रणे आहेत अशी कल्पना करा. बहुतेक साधे प्लेअर गायक, अल्बम आणि गीताचे नाव एवढेच जाणतात. या रसिकाला मात्र राग, ताल, तबल्याची साथ आणि मैफलीचे वर्ष यांवरून शोध घ्यावयाचा असतो. पाश्चात्त्य अभिजात संगीतातील काही रचनांत एक भाग संपताच खंड न पडता दुसरा सुरू होतो. तेथे मध्ये क्षणभर शांतता घुसवणारा प्लेअर कितीही हलका असला, तरी तो संगीताची हानीच करतो. अशा श्रोत्याला अधिक सोयी लागतात आणि त्या मागण्यात चैन नाही.

अ‍ॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात मिलो या प्रसिद्ध मल्लाचे उदाहरण दिले आहे. जेवढे अन्न मिलोला अपुरे पडेल, तेवढेच व्यायामाला नुकताच आरंभ करणाऱ्याला अति होईल. सुवर्णमध्य वस्तूत नसतो, तो त्या त्या माणसाच्या संदर्भात शोधावा लागतो. प्लेअरच्या बाबतीतही सोयींची संख्या मोजून ‘पुरेसे’ म्हणजे किती ते ठरत नाही. विनअँपच्या कामाशी पूर्वी संबंध असलेल्या पीटर पावलोव्स्की यांनी २००२ साली ‘फूबार २०००’ आणला. तो दिसायला अगदी रुक्ष. मात्र ज्याला जे हवे ते त्याने स्वतः जोडून घ्यावे, अशी त्याची रचना आहे. हा मार्ग मिलोला आणि नवशिक्याला, दोघांनाही मानवणारा आहे.

येथे आणखी एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. निवड करणारा आणि भार वाहणारा नेहमी एकच असतो असे नाही. घरच्या संगणकावर काय बसवावे हे बहुधा तरुण मुलगा ठरवतो. तो वापरताना आजी मात्र बटणांच्या गर्दीत आपले भजन शोधत बसते. निर्माता नव्या, वेगवान यंत्रावर आपली आज्ञावली घडवतो. ती चालेनाशी झाली म्हणून चांगला चालता संगणक मोडीत काढण्याची पाळी मात्र बेताच्या मिळकतीच्या कुटुंबावर येते. म्हणून ही निवड केवळ आवडीनिवडीची राहत नाही. दुसऱ्याच्या माथी आपण काय देत आहोत, हा प्रश्न तिच्यात आहेच.

साधेपणाचा आग्रह धरणाऱ्यांनीही सावध राहावे. ‘माझा प्लेअर किती कमी स्मृती घेतो’ याचा अभिमान मिरवणे हेही एक आभूषणच आहे. गाणे ऐकण्याऐवजी दिवसभर प्लेअरच बदलत बसणारा माणूस हलक्या साधनाचाही तितकाच दास असतो.

वाचकहो, साधन निवडताना दोन प्रश्न पुरेसे आहेत असे वाटते. ही सोय कोणासाठी आहे? आणि तिची किंमत कोण मोजणार आहे? आज फोनवर एक गाणे संपले की न मागता दुसरे सुरू होते. ही सोय काम करता करता ऐकणाऱ्याच्या उपयोगाची असेल. परंतु ऐकलेले गाणे मनात मुरू द्यावयाचे असेल, तर ती आड येते. ती बंद करण्याची मुभा बहुतेक ठिकाणी असते. एखादे सायंकाळी ती बंद करून पाहावी आणि गाणे संपल्यानंतरची शांतताही ऐकावी.