ठाऊक असलेलं विष

पहिल्या शतकातल्या रोमन कारखान्यांत हिंगूळ कुटणारे कामगार जनावराच्या मूत्राशयाचा सैलसर पापुद्रा तोंडावर बांधत. त्यातून दिसायचं आणि धूळ नाकात जायची नाही. रोमन लेखक प्लिनीने ही युक्ती लिहून ठेवली आहे. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं खनिज. रोमला ते प्रामुख्याने स्पेनमधल्या अल्मादेनहून यायचं. पारा घातक आहे हे तेव्हापासून ठाऊक होतं. म्हणून या धातूच्या इतिहासात धोका कधी कळला हे विचारून फारसं काही हाती लागत नाही. तो कोणाच्या जिवाला असला म्हणजे दखल घेतली जायची, हे मात्र दर शतकाला नव्याने तपासण्यासारखं आहे.

सोळाव्या शतकात पाऱ्याला अचानक भाव आला. कुटलेल्या खनिजात पारा कालवून चांदी वेगळी काढण्याची रीत १५५४ च्या सुमारास मेक्सिकोत बसली आणि स्पेनच्या साम्राज्याची तिजोरी पाऱ्यावर अवलंबून राहू लागली. अल्मादेनमध्ये शिक्षा झालेले कैदी जुंपले गेले. पेरूतल्या वांकावेलिका खाणीत डोंगरातल्या गावांवर पाळीपाळीने वेठ लादली गेली. १५९३ मध्ये राजाने अल्मादेनच्या कैद्यांची चौकशी करायला मातेओ आलेमान या अधिकाऱ्याला पाठवलं. हाच पुढे कादंबरीकार म्हणून गाजला. भट्टीवरच्या माणसांचे थरथरणारे हात आणि बिघडलेली डोकी त्याने कैद्यांच्याच तोंडून नोंदवली. अहवाल गुप्त राहिला. सरकारला माहिती हवी होती, खाण मात्र थांबवायची नव्हती.

आजच्या स्लोव्हेनियातल्या इद्रिया इथल्या पाऱ्याच्या खाणीत वेगळं घडलं. १६६५ मध्ये तिथल्या खाणकामगारांची पाळी सहा तासांवर आणली गेली. कामाच्या धोक्यापायी तास कमी केल्याचं हे युरोपातल्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक. याला दया म्हणावं का? इद्रियात राबत होते ते पगारी, कसबी लोक. कैदी मेला तर दुसरा येतो, कसबी माणूस तयार व्हायला वर्षं लागतात. करुणा आणि व्यवहार इथे एकाच दिशेला गेले, एवढंच म्हणता येईल.

इटलीतल्या बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० मध्ये धंद्यांतून होणाऱ्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात पारा वापरून सोन्याचा मुलामा देणारे आणि आरसे करणारे कारागीर आहेत. रोग्याला त्याचा धंदा विचारा, ही रामाझ्झिनीची सूचना. ती वैद्यकात मुरायला फार वेळ लागला.

आरसेवाल्यांचं दुखणं नीट तपासलं ते बव्हेरियात. फ्युर्थ आणि एर्लांगन इथे घरोघर, लहानमोठ्या कारखान्यांत आरसे होत. टेबलावर कथलाचा पातळ पत्रा पसरायचा, त्यावर पारा ओतायचा, वरून काच सरकवायची आणि वजनं ठेवून जादा पारा निथळू द्यायचा. खोलीत दिवसभर पाऱ्याची वाफ. अडॉल्फ कुसमाऊल या डॉक्टरने १८६१ मध्ये या कामगारांवर सविस्तर ग्रंथ काढला. सुजलेल्या हिरड्या, गळणारी लाळ, कापणारे हात ही लक्षणं जुनीच होती. कुसमाऊलने मनाचं दुखणंही पाहिलं. एकटा असताना बरं काम करणारा माणूस मालक किंवा परका कोणी शेजारी उभा राहिला की गांगरून जायचा. चेहरा लाल व्हायचा, शब्द फुटायचा नाही, हातातलं काम बिघडायचं.

हे लक्षण सगळ्यांत क्रूर वाटतं. मालकासमोर उभं राहून गाऱ्हाणं मांडायला जी छाती लागते, नेमकी तीच हा रोग काढून घेतो. पाहणाऱ्याला विषबाधा दिसत नाही. दिसतो तो बावळट, चिडका, कामचुकार माणूस.

टोपीवाल्यांचं हेच झालं. सशाच्या कातड्यावरची लव चांगली गुंतून तिचा नमदा व्हावा म्हणून नायट्रिक आम्लात विरघळवलेला पारा तिच्यावर चोळत. टोकं नारिंगी होत. पुढे नमदा गरम वाफेवर आकाराला आणताना तो पारा कारागिराच्या नाकातोंडात जायचा. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या डॅनबरी या टोप्यांच्या शहरात हातांच्या कंपाला 'डॅनबरी शेक्स' हे नावच पडलं होतं. हात कापणाऱ्याला दारुडा ठरवणं सोपं होतं. (लुईस कॅरोलच्या ॲलिसला भेटणारा टोपीवाला पाऱ्यानेच वेडा झाला, असं सर्रास सांगितलं जातं. पारा बाधलेला कारागीर मात्र परक्या पाहुणीला पाहून कोपरा गाठेल. चहाच्या टेबलावर तिच्याशी हुज्जत घालणार नाही.) अमेरिकेत टोप्यांसाठी पारा वापरणं बंद झालं डिसेंबर १९४१ मध्ये. सरकारी डॉक्टरांनी कारखाने तपासले होते, हे खरं. पण महायुद्धात स्फोटकांच्या डिटोनेटरसाठी पारा हवा होता, हेही तितकंच खरं.

दरम्यान १९२६ मध्ये आल्फ्रेड श्टोक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने आपल्याच दुखण्याबद्दल लेख लिहिला. डोकेदुखी, अस्वस्थता आणि विसराळूपणा इतका, की वहीतला दूरध्वनी क्रमांक यंत्रापर्यंत जाईस्तोवर आठवेना. कारण निघालं प्रयोगशाळेत सांडत राहिलेला पारा. थोडी वाफही वर्षानुवर्षं घेतली तर घात करते, हे त्याने प्रयोगांनी दाखवलं. टोपीवाले हेच अंगावर वागवत होते; प्राध्यापकाने सांगितल्यावर ते शास्त्र झालं. पुढे हवेत पारा किती चालेल याचे आकडे आले. घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम ही मर्यादा अमेरिकेत बराच काळ मानली गेली. आज तिथले तज्ज्ञ ०.०२५ सुचवतात. म्हणजे एके काळी सुरक्षित मानलेल्या हवेत आजच्या मर्यादेच्या चौपट पारा होता.

मर्यादा खाली आली की काम कधी कधी दुसरीकडे जातं. न्यूयॉर्क राज्यातला थर्मामीटरचा कारखाना १९८०च्या दशकात तमिळनाडूतल्या कोडाईकनालला आला. पारा बाहेरून यायचा, थर्मामीटर परदेशी जायचे. २००१ मध्ये गावातल्या भंगारवाल्याकडे पारा लागलेल्या काचा सापडल्या आणि हिंदुस्तान लिव्हरचा तो कारखाना बंद झाला. २००३ मध्ये सुमारे २९० टन कचरा अमेरिकेला परत गेला. आमच्या कामगारांना अपाय झालेला नाही, असं कंपनी म्हणत राहिली. २०१६ मध्ये ५९१ माजी कामगारांशी तिची तडजोड झाली. कचऱ्याचा निकाल कामगारांच्या तेरा वर्षं आधी लागला.

पाऱ्यावरच्या जागतिक कराराला २०१३ मध्ये नाव मिळालं जपानच्या मिनामाताचं. तिथल्या कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांतून मच्छीमारांच्या घरांत गेला होता. अल्मादेन, फ्युर्थ, डॅनबरी यांतलं एकही नाव या जागी आलं नाही. विष कारखान्याच्या फाटकाबाहेर पडलं तेव्हा जग जागं झालं, असा त्याचा अर्थ लावला तर फार चुकणार नाही. भारताने हा करार २०१८ मध्ये मान्य केला.

आज माणसाच्या हातून हवेत सर्वाधिक पारा जातो तो छोट्या सोन्याच्या खाणींतून. पेरू, घाना, इंडोनेशियात लाखो माणसं चांदीवाल्यांची तीच जुनी रीत सोन्यासाठी वापरतात: वाळूत पारा कालवायचा, गोळा बांधायचा आणि जाळायचा. वस्तीत तो जाळणं थांबवा, असं करार सांगतो. वाफ धरून ठेवणारी बंद भांडीही मिळतात. तरी कित्येक जण गोळा घरातल्याच चुलीवर तापवतात. हवेतल्या पाऱ्याची मर्यादा आठ तासांच्या पाळीचा हिशेब धरून ठरलेली आहे. या घरांतली मुलं रात्री त्याच खोलीत झोपतात.