चौथं बोट

आमच्या गिनीपिगच्या मागच्या एका पायाला चार बोटं आहेत. असायला हवीत तीन. पुढच्या पायांना चार, मागच्यांना तीन, असा त्यांचा हिशोब. हे लक्षात आल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न आला, 'दुकानदार बदलून देईल का?' आज त्याची लाज वाटते.

कारण त्या बोटाने तिचं काहीच अडत नाही. कोथिंबिरीची पिशवी वाजली की ती शिट्ट्या मारत धावत येते. बोट जमिनीला टेकत नाही, त्यामुळे नख झिजत नाही, अधूनमधून कापावं लागतं. बस, एवढंच.

खरं तर हे बोट फार जुनं आहे. उत्क्रांतीत हरवलेली करंगळी कधीतरी परत उगवते. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ स्यूअल राइट यांनी १९३४ साली दाखवलं, की तिच्यामागे एकच बिघडलेलं जनुक नसतं. अनेक जनुकं आणि गर्भातली परिस्थिती मिळून ते ठरतं.

तरीही प्रदर्शनांत हे बोट दोष मानलं जातं. उलट 'सॅटिन' गिनीपिगची काचेसारखी चमक बघा. अमेरिकेतल्या प्रदर्शनांत तिच्यासाठी वेगळे वर्ग आहेत. पण याच सॅटिन गिनीपिगमध्ये हाडं कमकुवत होण्याचा एक आजार आढळतो. चालणंसुद्धा दुखरं होतं. म्हणजे ज्याने दुखत नाही ते व्यंग, आणि ज्याच्यासोबत दुखणं येतं ते सौंदर्य!

मग व्यंग असं काही नसतंच का? असतं. दोन रोन गिनीपिगांच्या जोडीतून कधीकधी पांढरी पिल्लं जन्मतात, बहुतेकदा आंधळी आणि दात बिघडलेली. तिथे 'सगळेच सुंदर' म्हणणं ही पळवाट आहे. अशी जोडी लावूच नये.

म्हणून मला कसोटी एकच वाटते: ज्याचं शरीर आहे, त्याला त्रास होतो का? बाकी सगळी मापं बघणाऱ्याची. लग्नाच्या जाहिरातीत 'निर्व्यंग' लिहिणारेही हीच मापं घेऊन बसलेले असतात. तिथे तरी माणूस उलट बोलू शकतो. गिनीपिगला परत पाठवलं, तर ती फक्त पिंजऱ्यात बसून जाते.

काल तिचं नख कापलं. तिला बोटं मोजता येत नाहीत. मोजत होतो तो मी.